मियाँची पट्टी

आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात वावरांना नावं आहेत. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण गट नंबरानं कुणी वावर ओळखत नाही. चिंचेचं वावर, बारवाचं वावर, खडकाळी, देवीची पट्टी अशी नावं. आमच्या घराण्याकडं जे आठ एकर काळं रान आहे, त्याचं नाव मियाँची पट्टी. लहानपणी मला वाटायचं की तिथं कधीकाळी एखादा पीर असंल. बांधावर एक जुनं कडुनिंबाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी आमची आजी वर्षातून एकदा नारळ फोडायची. मी कधी विचारलं नाही आणि कुणी कधी सांगितलं नाही. घरात एवढंच ऐकलेलं की, ‘आज्यानं हे वावर घामाच्या पैशानं विकत घेतलं.’

हे सांगायचं कारण म्हणजे वयाची साठी उलटल्यावर मला दप्तरखान्यात जावं लागलं.

२०२३ च्या ऑगस्टअखेरीस आमच्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं. १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला आणि सगळा मराठवाडा हलला. ७ सप्टेंबरला सरकारनं आदेश काढला आणि निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामाच्या काळातल्या कागदांत ज्यांच्या वाडवडिलांची नोंद ‘कुणबी’ अशी निघंल, त्यांना तसा दाखला द्यायचा, असं ठरलं. मंग काय, ज्या माणसानं उभ्या जन्मात लग्नपत्रिकेशिवाय काही वाचलं नव्हतं, तो पारावर बसून खासरा पत्रक, पाहणी पत्रक, ‘क’ पत्रक, चौदा नंबरचा नमुना असे शब्द बोलायला लागला. मिरचीच्या भावाच्या जागी गावात नोंदीच्या गोष्टी चालू झाल्या.

आमच्या घरालाही गरज होती. पुतण्याची लेक बारावीला होती, हुशार पोरगी, डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. पुतण्या मला म्हणला, “काका, तुम्हाला वाचायचा नाद आहे. तुम्हीच हे काम धरा.” दहावी शिकलेला माणूस आमच्या भावकीत विद्वान समजला जातो. धरलं.

पण धरलं म्हणजे काय? कागद निघाला तरी तो वाचायचा कुणी? निजामाच्या राज्यात गावचा पटवारी मोडीत लिहायचा आणि वरचं कामकाज उर्दूत चालायचं. त्याच्याही आधी सरकारी भाषा फारशी होती. १८८० च्या दशकात फारशी जाऊन उर्दू आली. आमचे वडील मोडीत सही करायचे. मला मोडी येत नाही. माझ्या आज्याच्या पिढीतले शाळेत गेलेले लोक उर्दू वाचायचे. मला त्यातलं अलिफसुद्धा येत नाही. दोन पिढ्यांत आमच्याच जमिनीचे कागद आम्हाला परके झाले. घरात मोडी कागदांचं एक गाठोडं होतं, ते आईनं बहात्तरच्या दुष्काळानंतर घर शाकारताना चुलीत घातलं. तिला काय ठाऊक? वाचता येत नाही तो कागद म्हणजे जळणच.

उर्दू वाचणारा एकच माणूस आमच्या माहितीतला, तो म्हणजे चाचा. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, पंचक्रोशीत सगळे त्यांना चाचाच म्हणतात. उर्दू शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात. आमच्या घरी त्यांचं येणं-जाणं आधीपासूनचं. ईदचा शिरखुर्मा आमच्याकडं यायचा आणि संक्रांतीचे तिळगूळ त्यांच्याकडं जायचे. वीस वर्षं त्यांच्या उर्दूला कुणी विचारलं नव्हतं. आता त्यांच्या ओट्यावर रांग लागली. कुणी झेरॉक्स घेऊन येतं, कुणी मोबाइलमधला फोटो दाखवतं. चाचा चष्मा पुसायचे आणि वाचून द्यायचे. एकाही माणसाकडून त्यांनी रुपया घेतला नाही. म्हणायचे, “अरे, मरायच्या आधी माझी भाषा गावाच्या कामी आली, हे काय कमी आहे?”

त्या दिवसांत बातमी आली की समिती कागद बघायला हैदराबादला जाणार. आमच्या पोरांना वाटलं की सगळं तिथंच असणार. पुतण्या म्हणला, “आपणच जाऊन बघू.” मी, पुतण्या, भावकीतला एक जण आणि चाचा असे चौघं जालन्याहून रात्रीची गाडी धरून काचीगुड्याला उतरलो. ही रेल्वेसुद्धा निजामाच्याच काळातली. मनमाड ते हैदराबाद ही लाइन १९०० च्या सुमाराला झाली. चाचांनी भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता, तो आम्ही चौघांनी गाडीत खाल्ला.

हैदराबादचं राज्य पुराभिलेखागार तारनाका भागात आहे, उस्मानिया विद्यापीठाच्या जवळ. त्याला पूर्वी दफ्तर-ए-दिवानी म्हणायचे. अर्ज लिहिला, आधार कार्ड दाखवलं, पिशव्या बाहेर ठेवल्या. अशा ठिकाणी वाचायला बसताना शाईचा पेन चालत नाही, पेन्सिलीनं टिपून घ्यायचं. माझ्याकडं पेन्सिल नव्हती. पाचवीतल्या पोरासारखा बाहेर जाऊन एक पेन्सिल आणि खोडरबर घेऊन आलो.

तिथं शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळापासूनचे कागद आहेत. मोगलांचे दख्खनमधले, लाखाच्या वर. एक जुना कागद बघायला मिळाला. लांबोळका, कडेनं कसरीनं खाल्लेला, अक्षर एकातून एक ओढलेलं. मी चाचांकडं बघितलं. चाचांनी कागदाला हात न लावता बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. “ही फारशी आहे, आणि अक्षर शिकस्ता. शिकस्ता म्हणजे मोडलेलं. तुमच्या मोडीसारखंच. मला नाही येत.” ऐंशी वर्षांच्या मास्तराच्या तोंडून ‘मला नाही येत’ हे ऐकताना मला बरं वाटलं. म्हणजे आम्ही सगळेच कुठंतरी अडाणी.

हे फारशी कागद मराठीत आणायला आयुष्य घालवणारा एक माणूस आमच्या मराठवाड्यातला होता, सेतुमाधवराव पगडी. निलंग्याचे, जन्म १९१०. निजामाच्या राज्यात मोठे अधिकारी होते आणि फारशी-उर्दूत मुरलेले. मोगल दरबाराची बातमीपत्रं त्यांनी मराठीत आणली, त्यातून मराठ्यांच्या इतिहासाला दुसरी बाजू मिळाली. त्यांच्या आधी राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद गोळा केले आणि १८९८ ला पहिला खंड काढला. सरदेसायांनी पुण्याच्या पेशवे दप्तरातून ४५ भाग छापून घेतले. या लोकांचे उपकार मोठे आहेत. पण त्या कागदांत लढाया, तह आणि सरदार जास्त. आमच्या जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. वेलस्लीसाहेबानं घोडा कुठून घातला, नदी कुठं ओलांडली, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. सप्टेंबरात रान उभं असतं. त्या तोफा कुणाच्या पिकातून गेल्या, ते काही लिहिलेलं नाही.

वाचनालयात बसलेल्या एका भल्या माणसानं आमचं काम विचारलं आणि हसून सांगितलं, “पाटीलसाब, यहाँ हुकूमत के काग़ज़ हैं. आप के खेत का काग़ज़ आप के तालुके में होगा.” तिथं खानेसुमारीचे जाडजूड ग्रंथ आहेत. निजामाच्या राज्यात १८८१ पासून खानेसुमारी झाली. १८८४ ला निजाम सरकारनं औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियरही छापलं, आणि तेव्हा आमचा भोकरदन तालुका औरंगाबादेतच होता. जालना जिल्हा झाला तो १९८१ ला. या पुस्तकांत जिल्ह्यात कुणबी किती, माळी किती, याचे आकडे मिळतात. पण आकड्यात माझा आजा कुठं आहे हे कसं कळणार? पुस्तकात माणसं मोजलेली असतात, त्यांची नावं नसतात.

दोन दिवसांनी आम्ही परत आलो. पुतण्याचं तोंड उतरलं होतं. चाचा मात्र खुशीत होते. म्हणाले, “भाऊ, राजाला आपली आठवण कधी येती? साऱ्याच्या वेळी. साऱ्याची वही शोधा.”

हे वाक्य मला आजही पटतं. सालारजंग १८५३ ला निजामाचा दिवाण झाला. त्याच्या आधी वसूल मक्तेदार गोळा करायचे. दरबारला रयतेशी काही घेणं नव्हतं, मक्तेदाराकडून रक्कम आली की झालं. सालारजंगानं १८६५ ला जिलाबंदी केली, जिल्हे आणि तालुके पाडले, पगारी अंमलदार नेमले. पुढं मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली. वावराला सर्वे नंबर पडला आणि नंबरापुढं माणसाचं नाव आलं. ते नाव म्हणजे पट्टेदार. आमच्यासारख्याचं नाव सरकारच्या कागदावर आलं ते असं, सारा भरणारा म्हणून. कुणी आमच्यावर पोवाडा लिहिला नाही, पण पाहणीच्या वहीत कापूस किती, ज्वारी किती, पड किती, हे दरसाल लिहून ठेवलं.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात जायला मंग मी नेमच धरला. अर्ज, तिकीट, शोधायची फी, नकलेची फी असं सगळं रीतसर. लोखंडी मांडण्या आणि त्यावर कापडात बांधलेले गठ्ठे. त्याला रुमाल म्हणतात. काही लाल, काही पांढरे होते ते मातीच्या रंगाचे झालेले. रुमालाची गाठ सोडली की जो वास येतो, तो जुन्या कणगीतल्या दाण्यांसारखा असतो. गर्दी एवढी की बाजाराचा दिवस वाटावा. तिथले कर्मचारी धुळीनं खोकायचे, तोंडाला रुमाल बांधून गठ्ठे काढायचे. मोडी वाचणारा एक तरुण पोरगा होता, नव्यानं वर्ग करून शिकलेला. उर्दूचं काही आलं की चाचांना बोलवायचे.

कागद बघायची पद्धत मी तिथं शिकलो. वर साल असतं ते फसली. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं. निजामाकडं फसली साल ऑक्टोबरात लागायचं, म्हणून १३५७ फसली म्हणजे १९४७ चा ऑक्टोबर ते १९४८ चा ऑक्टोबर. सारा लिहिलेला असतो हाली शिक्क्यात. हाली म्हणजे निजामाचा रुपया, आणि इंग्रजाचा तो कलदार. सात हालीला सहा कलदार, असा साधारण हिशेब. उर्दूचा पाच म्हणजे उलटं बदाम आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. तो ठिपका कसरीनं खाल्ला तर दहा एकराचा एक एकर होतो. म्हणून चाचा आधी भिंगानं ठिपके बघायचे आणि मंग बोलायचे.

तिसऱ्या आठवड्यात आमची नोंद निघाली. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, मोडीत. माझ्या आज्याच्या सख्ख्या भावाच्या नावापुढं, जातीच्या रकान्यात, त्या तरुण पोरानं बोट ठेवून वाचलं, “कुणबी.” पुतण्यानं त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, हा तर स्वातंत्र्याच्या आधीचा. घरी पेढे वाटले. पोरगी अभ्यासातून उठून आली आणि म्हणली, “आजोबा, एवढ्याशा शब्दासाठी तुम्ही हैदराबादला गेला होता?”

तिथं थांबलो असतो तर हा लेख लिहायची पाळी आली नसती. पण माणसाला नाद लागतो. मी म्हणलं, नोंद निघाली तर मियाँच्या पट्टीचाही जुना कागद बघावा. आज्यानं घामाच्या पैशानं घेतलेलं वावर, त्याचं साल तरी कळंल. सातबाऱ्यावरून गट नंबर, गट नंबरावरून जुना सर्वे नंबर काढला आणि अर्ज दिला. दोन दिवसांनी पाहणीचा रुमाल निघाला. १३५७ फसली, उर्दूत.

चाचा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी भिंग फिरवलं. सर्वे नंबर वाचला, क्षेत्र वाचलं. पिकाच्या रकान्यात ज्वारी आणि कापूस. मंग पट्टेदाराच्या रकान्यावर आले आणि थांबले. मला वाटलं की अक्षर लागत नाही. मी म्हणलं, “काय झालं चाचा?” त्यांनी नाव वाचलं. पुरं नाव, बापाच्या नावासकट. मंग भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, “हे माझे दादा.”

मी काही बोललो नाही. काय बोलणार? त्यांनीच म्हणलं, “पुढचा कागद मागव.” पुढचा कागद निघाला तो एकदम १९५४-५५ चा खासरा. तो मराठीत होता, मलाच वाचता आला. त्याच सर्वे नंबरापुढं माझ्या आज्याचं नाव. मधल्या सहा-सात वर्षांचे कागद त्या रुमालात नव्हते.

मधली वर्षं काय होती, हे मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आम्ही निजामाकडंच राहिलो. स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं लोक उभे राहिले आणि दुसरीकडं कासीम रझवीच्या रझाकारांनी गावांत धुमाकूळ घातला. आमच्याकडून वऱ्हाडाची हद्द जवळ, पलीकडं बुलडाणा जिल्हा. तो मुलूख १८५३ पासून इंग्रजाच्या ताब्यात, म्हणून तिथं निजामाचा अंमल नव्हता. हद्दीवरची कैक घरं तेव्हा बायका-लेकरं घेऊन पलीकडं गेली. आमचंही गेलं होतं, हे मी आजीच्या तोंडून ऐकलेलं. मंग १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज आली, १७ तारखेला निजामानं शरणागती दिली. आम्ही दरसाल १७ सप्टेंबरला झेंडा लावतो आणि लावायलाच पाहिजे.

पण त्या १७ तारखेनंतर काही ठिकाणी जे झालं, ते झेंड्याच्या भाषणात येत नाही. रझाकारांचा राग साध्या मुसलमान घरांवर निघाला. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. त्या समितीनं मेलेल्या माणसांचा अंदाज दिला तो २७ ते ४० हजारांचा. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. तो अहवाल कैक वर्षं दप्तरातच राहिला. आमच्या भागात त्या मानानं कमी झालं असंल, पण भीती काय जिल्ह्याची हद्द बघून थांबती?

तालुक्याच्या बसस्टँडवर चहा घेताना चाचांनी मला सांगितलं. शांतपणे, हजेरी घेतल्यासारखं.

“तुमचं घर उन्हाळ्यात पलीकडं गेलं, तेव्हा तुमच्या गोठ्यातली जनावरं माझ्या दादांनी सांभाळली. घराला त्यांचंच कुलूप होतं. पाऊस पडल्यावर तुम्ही आले, दादांनी चावी दिली. भादव्यात आम्ही गेलो. मी चार वर्षांचा होतो, मला बैलगाडी तेवढी आठवती. दीड वर्षानं आलो. दादा वाटेतच वारले होते. पट्टी तुझ्या आज्यानं पेरलेली होती. त्यानं माझ्या बापाला त्या सालची अर्धी ज्वारी दिली, खोटं कशाला बोलू. पण पट्टी सोडली नाही. बाप दोन साल हेलपाटे घालत होता. मंग त्यानं अंगठा दिला. दीडशे रुपये हाली आणि दोन पोती ज्वारी.”

मी म्हणलं, “दीडशे? आठ एकराचे?”

“बैलजोडीसुद्धा त्यात येत नव्हती तेव्हा,” चाचा म्हणाले.

“आणि हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?”

“आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्याकडं कुणी सांगितलं नाही, एवढंच. पट्टीला नाव काय उगीच पडलं का, भाऊ?”

एवढी वर्षं तिळगूळ घेणारा, माझ्या वडिलांच्या मयताला खांदा देणारा, माझ्या पुतणीच्या दाखल्यासाठी या वयात हैदराबादपर्यंत आलेला माणूस. हे पोटात ठेवून आला होता. मी विचारलं, “चाचा, मला काय करायला सांगता?” ते म्हणाले, “मला काय या वयात वखर धरायचाय का? त्या पानाची एक खरी नक्कल काढून दे. आमच्याकडं दादांच्या नावाचा एकही कागद नाही. ते या गावचे पट्टेदार होते, हे माझ्या नातवांना दाखवायला पाहिजे.”

मी दोन नकला काढल्या, सही-शिक्क्यासकट. एक त्यांना दिली आणि एक माझ्याकडं ठेवली.

घरी हे सांगितलं त्या रात्री मोठी खडाजंगी झाली. थोरला भाऊ म्हणला, “आज्यानं पैसे देऊन घेतलं, चोरी नाही केली.” खरं आहे. आज्यानं चोरी केली नाही. तो जुलमी माणूसही नव्हता. तो स्वतः एका उन्हाळ्यात घर सोडून पळालेला होता, लेकरांना घेऊन. पण ज्या माणसानं त्याचं घर राखून चावी परत दिली, त्याच्या लेकाला त्यानं वावर परत दिलं नाही. त्याला ते देता आलं असतं. ‘घामाचा पैसा’ म्हणायचा तो खोटं बोलत नव्हता, निम्मं बोलत होता. पुतण्या म्हणला, “काका, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार? कायद्यानं आता त्यात काहीच राहिलेलं नाही.”

मी त्याला दोन्ही कागद दाखवले. एकाच खोलीतून, एकाच महिन्यात काढलेले. म्हणलं, “हा मोडीतला कागद शंभर वर्षांपूर्वीचा, तो खरा धरून आपण पेढे वाटले. मंग हा उर्दूतला त्याच्याहून नवा आहे, तो खोटा कसा? देणारा कागद खरा असंल, तर घेणाराही खराच असतो.” तो काही बोलला नाही. थोरला भाऊ महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हता.

पट्टी आता चार भावांत वाटलेली आहे. एक कुणी सोडतो म्हणलं तर सुटत नाही, आणि सगळ्यांचं मन एका दिवसात वळत नाही. मी माझ्यापुरतं एवढंच करू शकलो की माझ्या वाट्याच्या दोन एकरांत यंदा मिरची निघाली तेव्हा आधी चाचांच्या घरी जाऊन बसलो आणि म्हणलं, “अर्ध्या वाट्याचं आज्यानं एक सालच पाळलं. मी आहे तोवर पाळतो.” चाचांनी मिरचीचं पोतं ठेवून घेतलं. पैसे घ्यायला तयार नव्हते, ते त्यांच्या नातवाच्या शाळेच्या फीला लावले. हे काही फार मोठं झालं असं मी समजत नाही. थोरला भाऊ अजून तयार नाही. धाकटा मात्र त्या दिवशी आपणहून विचारत होता की चाचांच्या दादांचं पुरं नाव काय होतं.

गावागावात लोक अजून कागद शोधताहेत. शोधावेत, हक्काचं आहे ते घ्यावं. माझं म्हणणं एवढंच की रुमाल सोडला तर शेजारच्या ओळीही वाचाव्या, आणि वाचणारी म्हातारी माणसं आहेत तोवर वाचून घ्याव्या. आमच्या चाचांनी आता ओट्यावर संध्याकाळी चार पोरांना उर्दूची अक्षरं शिकवायला घेतली आहेत. त्यात मीही जाऊन बसतो. मला अजून जोडाक्षरं लागत नाहीत. पण नकलेवरचं एक नाव मला आता भिंगाशिवाय वाचता येतं.